अळिय रामराय : विजयनगरचा जावई

हंपीला जाईपर्यंत रामराय हा माझ्या लेखी एका ओळीचा माणूस होता. विजयनगरच्या साम्राज्यावरील धड्यात कृष्णदेवरायाला पानभर जागा मिळते आणि शेवटी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत रामरायाचा पराभव होऊन साम्राज्य बुडाले, असे एक वाक्य येते. परीक्षेत कारणे विचारली की रामरायाचा उद्दामपणा, सुलतानांची एकजूट आणि सुलतानांचा वरचढ तोफखाना, अशी तीन कारणे लिहून आम्ही गुण घेत असू. त्या एका ओळीमागे जवळजवळ ऐंशी वर्षांचे आयुष्य आहे, हे कधी मनात आले नाही.

आमच्या इतिहास विभागाची सहल हंपीला गेली होती. होसपेटेहून निघालेली बस केळीच्या बागा मागे टाकीत गोलाकार शिळांच्या डोंगरांत शिरली. तिसऱ्या प्रहरी आम्ही महानवमी दिब्ब्यावर, म्हणजे राजवाड्याच्या आवारातील त्या तीन टप्प्यांच्या दगडी चौथऱ्यावर चढलो. खाली नजर पोहोचेल तेथवर जोतीच जोती पसरली होती. वाडे नाहीत, फक्त जोती. सरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, की हे शहर कोणी टाकले? आम्ही एका सुरात उत्तर दिले, की सुलतानांनी ते उद्ध्वस्त केले. सर म्हणाले की उद्ध्वस्त कोणी केले हे त्यांनी विचारलेच नव्हते. एवढे बोलून ते पायऱ्या उतरून गेले. परत आल्यावर ग्रंथालयातील पुस्तके मी त्या प्रश्नासाठी चाळली आणि प्रत्येक पुस्तकात वाट अखेर रामरायापाशीच येऊ लागली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचे फळ आहे.

रामराय राजघराण्यातला नव्हे. तो आंध्रातील अरविडू नावाच्या सरदार घराण्यातला. त्याच्या तरुणपणाची हकीकत एका फारसी तवारिखेत मिळते. ही तवारीख गोवळकोंड्याच्या कुतुबशाही दरबारात, म्हणजे त्याच्या शत्रूच्या घरी लिहिली गेली, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते. तिच्यानुसार १५१२ च्या सुमारास रामराय गोवळकोंड्याच्या सुलतान कुलीच्या चाकरीत होता आणि एका किल्ल्याचा कारभार त्याच्याकडे होता. तीनेक वर्षांनी विजापूरच्या फौजेने त्या मुलखावर हल्ला केला. रामराय किल्ला सोडून गोवळकोंड्यास पळून आला. भित्रेपणाचा ठपका ठेवून सुलतानाने त्याला काढून टाकले. मग तो विजयनगरला गेला आणि कृष्णदेवरायाच्या पदरी राहिला.

ही हकीकत खरी धरली तर तिच्यातून एक गोष्ट उलगडते. सुलतानांचे दरबार रामरायाने शत्रूच्या छावणीतून पाहिले नव्हते, त्याने तेथे नोकरी केली होती. कोण कोणाचा वैरी, कोणाला कशाची हाव आहे, कोणता सरदार केव्हा फुटतो, हे तो आतून ओळखत होता. पुढे आयुष्यभर त्याने याच ज्ञानावर राज्य केले.

कृष्णदेवरायाने त्याचे गुण हेरले आणि त्याला आपली मुलगी दिली. कन्नडमध्ये जावयाला अळिय म्हणतात. तेव्हापासून तो अळिय रामराय झाला आणि इतिहासातही त्याच नावाने राहिला. हे नाव मला सूचक वाटते. जावई घरात मानाचा असतो, पण घर त्याच्या नावावर नसते. रामरायाच्या साऱ्या आयुष्याची अडचण या एका नात्यात आहे.

१५२९ मध्ये कृष्णदेवराय वारला. त्याचा सावत्र भाऊ अच्युतदेवराय गादीवर आला. रामरायाने तेव्हाच सत्तेसाठी खटपट केली, पण ती फळली नाही. त्याने घाई केली नाही. तो माणसे जोडत राहिला. १५३५ च्या सुमारास विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने आपल्या फौजेतील परदेशी मुसलमान सैनिकांना कामावरून कमी केले. त्यांपैकी सुमारे ३००० जणांना रामरायाने आपल्याकडे ठेवून घेतले. १५४२ मध्ये अच्युतदेवराय वारला, त्याचा अल्पवयीन मुलगा मामाच्या हातून मारला गेला आणि राजधानीत गोंधळ माजला. रामरायाने भावांच्या मदतीने त्या मामाचा पाडाव केला आणि अच्युतदेवरायाचा पुतण्या सदाशिव याला गादीवर बसविले. राजा सदाशिव आणि कारभारी रामराय अशी जोडी झाली.

जोडी नावापुरतीच. ताम्रपटांवर आणि शिलालेखांत सदाशिवाचे नाव येते. हुकूम मात्र रामरायाचा चाले. सदाशिवाला पहाऱ्यात ठेवून वर्षातून एकदा प्रजेला त्याचे दर्शन घडवीत, आणि पुढे पुढे तेही बंद झाले, असे परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. महत्त्वाच्या जागांवर रामरायाचे भाऊ आणि भाऊबंद आले. तिरुमल आणि व्यंकटाद्री हे दोघे भाऊ तर त्याचे उजवे-डावे हात होते.

येथवर वाचल्यावर वाटेल, की हा नुसता सत्तेचा लोभी. पण त्याच्या काळातली राजधानी पाहिली की मत इतके सोपे राहत नाही. कृष्णदेवराय गेल्यानंतर शहर खंगले नव्हते. विठ्ठल मंदिराच्या आवारातील झोपाळ्याचा मंडप १५५४ सालचा आहे, आणि तो उदयगिरी तिम्मराजू या अरविडू घराण्यातील सरदाराने बांधला आहे. विठ्ठलाचे नाव निघाले म्हणून सांगतो : कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा आहे. आमच्यापैकी कित्येक जण त्या मंदिरात शिरताना नकळत हात जोडून होते. गाभारा मात्र रिकामा आहे.

याच शहरात अहमद खान नावाच्या अधिकाऱ्याने १४३९ मध्ये, दुसऱ्या देवरायाच्या काळात, बांधलेली मशीदही उभी आहे. रामरायाने मुसलमान सैनिक ठेवले ही काही नवलाई नव्हती. त्याच्याआधी शंभर वर्षे तेथे ती रीत होती. १५४७ मध्ये पोर्तुगिजांशी तह झाला. गोव्यात उतरणारे घोडे विजापूरला न विकता विजयनगरलाच विकावेत, हे त्यातले महत्त्वाचे कलम. चांगले घोडे समुद्रापलीकडून येत आणि घोड्यांवाचून दख्खनमध्ये राज्य टिकत नसे. या घोड्यांची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता सुलतानांकडे वळतो. गोवळकोंड्याचा राजपुत्र इब्राहिम कुतुबशहा भावाच्या भीतीने १५४३ मध्ये पळून आला. रामरायाने त्याला आश्रय दिला. सात वर्षे तो विजयनगरात सन्मानाने राहिला आणि १५५० मध्ये गोवळकोंड्याचा सुलतान झाला. १५५८ मध्ये विजापूरच्या गादीवर अली आदिलशहा आला. रामरायाचा एक मुलगा वारला होता. अली स्वतः विजयनगरला जाऊन त्याच्या दुःखात सहभागी झाला आणि रामरायाच्या पत्नीने त्याला मुलगा मानले. एक सुलतान घरी वाढलेला, दुसरा मानलेला मुलगा. उरला अहमदनगरचा हुसेन निजामशहा.

त्याच्यावर रामरायाने अलीला बरोबर घेऊन स्वारी केली. नगरच्या मुलखाची धूळधाण झाली. भांडणाचे मूळ होते कल्याणीचा किल्ला, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. कल्याणी ही चालुक्यांची जुनी राजधानी. रामरायाच्या घराण्याने चालुक्यांशी नाते सांगितले होते, त्यामुळे त्या नावाची ओढ त्याला राजकारणापलीकडची असावी, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. हुसेनला नमते घ्यावे लागले. तो रामरायाच्या भेटीस आला, तेव्हा त्याच्या हाताचा स्पर्श झाल्यावर रामरायाने पाणी मागवून हात धुतले, अशी कथा फेरिश्ता सांगतो. फेरिश्ताने हा ग्रंथ पुढे विजापूरच्या आश्रयाने लिहिला; तेव्हा या कथेत तिखटमीठ किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण कल्याणीच्या किल्ल्या हुसेनने दिल्या आणि रामरायाने त्या अलीला देऊन टाकल्या, एवढ्यावरून खरा स्वामी कोण होता ते दिसते.

बलवान शेजारी दोघांना आळीपाळीने झुकवू लागला, की दोघे एकमेकांकडे वळतात. हुसेनची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली गेली आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. हीच पुढे नगरचा किल्ला लढविणारी चांदबीबी. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला दिली गेली. इब्राहिम कुतुबशहाही हुसेनचा जावई झाला. रामरायाने आश्रय देऊन आणि मुलगा मानून जे साधले होते, ते हुसेनने सोयरिकीने साधले. बीदरचा बरीदशहा चौथा. १५६४ च्या अखेरीस चौघांच्या फौजा कृष्णेच्या उत्तरेस तालिकोटला जमल्या आणि नदी ओलांडून पलीकडे गेल्या. मराठीत राक्षसतागडीची म्हणून ओळखली जाणारी ती लढाई २३ जानेवारी १५६५ रोजी झाली.

ऐंशीच्या घरातला रामराय त्या दिवशी स्वतः रणात होता. घोड्यावर बसणे होत नसल्याने तो पालखीतून सैन्य हलवीत होता. प्रारंभी सरशी त्याचीच होती. मग मध्यभागी असलेल्या हुसेनच्या तोफांनी जवळून मारा केला. तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या होत्या, असे फेरिश्ता सांगतो. पुढे व्हेनिसच्या फेडरिची या व्यापाऱ्याने मात्र अशी हकीकत ऐकली, की रामरायाच्या पदरचे दोन मुसलमान सरदार ऐन वेळी उलटले. पराभवानंतर फितुरीच्या कथा सगळीकडेच उठतात; विजयी बाजूने श्रेय तोफांना दिले आहे. गर्दीत एक हत्ती अंगावर आला, भोयांनी पालखी टाकली आणि रामराय पकडला गेला. हुसेनने त्याचे डोके उडवून भाल्यावर उंच धरविले. ते पाहताच सैन्य पळत सुटले. फेरिश्ताचा इंग्रजी अनुवादक ब्रिग्ज याने १८२९ मध्ये नोंदविले आहे, की ते मस्तक तेल-शेंदूर लावून दरवर्षी लढाईच्या दिवशी अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, लोकांना दाखवीत असत. आपण ज्याला दूरच्या मुलखातला राजा समजतो, त्याची अखेर अशी आपल्या दाराशी आहे.

येथवरची गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. सरांचा प्रश्न यापुढे सुरू होतो.

रणभूमीपासून विजयनगर शंभरेक किलोमीटर दूर होते. शहराला एकाआड एक तट होते. १४४३ मध्ये आलेल्या अब्दुर रझाकने सात तट मोजले होते. एका बाजूस तुंगभद्रा, भोवती खडकांचे डोंगर. इतक्या भक्कम शहरास वेढा घालायचा तर महिनोन्‌महिने लागले असते. पण वेढा पडलाच नाही. रामरायाचा भाऊ तिरुमल रणातून निसटून राजधानीत आला. त्याने पहाऱ्यातील राजा सदाशिवाला बरोबर घेतले, खजिना हत्तींवर लादला आणि तो दक्षिणेस पेनुकोंड्याकडे निघून गेला. हत्तींची संख्या साडेपाचशे सांगतात. शहरातल्या माणसांनी दारातून काय पाहिले असेल? राजा चालला, खजिना चालला, फौज चालली. सुलतानांचे सैन्य यायच्या आतच आसपासच्या रानांतील टोळ्यांनी लूट सुरू केली, असे पोर्तुगीज लेखक कूतो सांगतो. मग सुलतानांच्या फौजा आल्या आणि पाच-सहा महिने जाळपोळ चालली.

तरीही शहर तेव्हा संपले नव्हते, असे मला वाटते. फेडरिची १५६७ मध्ये तेथे आला आणि सात महिने राहिला. त्याला घरे उभी दिसली, पण रिकामी. आत वाघ आणि इतर जनावरे वावरत होती. त्या सुमारास तिरुमल परतला होता आणि शहर पुन्हा वसविण्याची त्याची इच्छा होती. त्याने व्यापाऱ्यांना कळविले, की विजयनगरचा डाग असलेले घोडे जेथे मिळतील तेथून आणा, चांगली किंमत देऊ. व्यापाऱ्यांनी घोडे आणले. आणखी घोडे येत नाहीत असे दिसताच तिरुमलने पैसे न देता व्यापाऱ्यांना वाटेला लावले. त्याच वर्षी तो पुन्हा पेनुकोंड्यास गेला आणि शहर ओस पडले.

लढाईइतकीच ही घोड्यांची हकीकत मला महत्त्वाची वाटते. ज्या शहराचा पैसा आणि शब्द यांवर विश्वास ठेवून समुद्रापलीकडचे व्यापारी येत होते, त्या शहराची पत त्या दिवशी बुडाली. भिंती पुन्हा बांधता येतात. बुडालेली पत बांधायला गवंडी मिळत नाही.

जमिनीतला पुरावा काय सांगतो? १७९९ मध्ये कर्नल मॅकेंझीने या जागेचा नकाशा केला. १९०० मध्ये रॉबर्ट सेवेलच्या पुस्तकाने विसरलेल्या साम्राज्याकडे लोकांचे लक्ष वळविले. १९७५-७६ पासून केंद्राच्या आणि कर्नाटकाच्या पुरातत्त्व खात्यांनी पद्धतशीर उत्खनन हाती घेतले, आणि १९८० पासून जॉन फ्रिट्झ व जॉर्ज मिशेल यांनी एकेक भिंत मोजून नकाशे केले. १९८६ मध्ये हंपी जागतिक वारसा स्थळ झाले. राजवाड्यांची जोती दगडी आणि वरचा भाग लाकूड-विटांचा होता. म्हणून आग लागल्यावर फक्त जोती राहिली. राखेचे आणि कोळशाचे थर सापडले, चिनी भांड्यांचे तुकडे सापडले. एक पायऱ्यांची पुष्करिणी निघाली. तिच्या दगडांवर कोणता दगड कोणत्या बाजूस, कितव्या ओळीत बसवायचा याच्या खुणा कोरल्या आहेत. ही पुष्करिणी चालुक्यकालीन असून ती मूळ जागेवरून उचलून येथे जुळविली असावी, असे एका अभ्यासकाने मांडले आहे. तसे असेल तर कल्याणीची ओढ राजवाड्याच्या अंगणापर्यंत पोहोचली होती, असे म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट सर्वांना दिसते. नाश सरसकट नाही. राजसत्तेशी जोडलेल्या वास्तूंवर आणि मंदिरांवर घाव अधिक आहेत. विठ्ठलाचा गाभारा रिकामा, पण विरूपाक्षाच्या मंदिरात आजही पूजा चालते. ते राजांच्याही आधीपासूनचे गावदैवत होते.

आता निवाडा. रामराय उद्दाम होता का? असेल. पण एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळविण्याचे राजकारण त्या काळी चौघेही सुलतान करीत होते. रामराय त्यांच्यापेक्षा ते अधिक चांगले करीत होता, इतकेच. वीस-बावीस वर्षे त्याने राजधानीच्या तटापर्यंत शत्रू येऊ दिला नाही, हेही त्याच्या जमेस धरले पाहिजे. त्याची चूक वेगळी होती. त्याने सगळे धागे स्वतःच्या बोटांना बांधले. राजा होता, पण पहाऱ्यात. म्हणून रामरायानंतर लोकांनी कोणाच्या नावावर उभे राहावे हे ठरले नव्हते. मैत्री होती, पण ती त्याच्या घराशी, राज्याशी नव्हे. म्हणून त्याच्या घरी वाढलेला इब्राहिम आणि मानलेला मुलगा अली हे दोघेही त्या दिवशी समोरच्या बाजूला होते. तो पडला आणि सगळे धागे एकदम सुटले. शहर जिंकले गेले त्याआधीच ते टाकले गेले होते, आणि टाकणारे त्याच्याच घरचे होते. जावयाने घर सांभाळले, वाढविलेही. पण आपल्यामागे ते कोणाचे, हे मात्र ठरविले नाही.

परतीच्या दिवशी सकाळी आम्ही कमलापूरजवळच्या एका पाटाच्या कडेने चालत होतो. तो विजयनगरच्या राजांच्या काळातला. आजही त्याच्या पाण्यावर केळी आणि भात पिकतो. साडेचारशे वर्षांत तेथे किती राज्ये आली आणि गेली. पण गाळ काढायची वेळ आली की कोणी ना कोणी फावडे घेऊन उतरलेच असणार. नाहीतर पाणी केव्हाच थांबले असते. पाटावर एक म्हातारा शेतकरी दारे धरून उभा होता. सरांनी दिब्ब्यावरचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. मीही काही बोललो नाही. जे एका माणसाच्या मुठीत होते ते त्याच्याबरोबर गेले, आणि जे अनेकांच्या हातात होते ते कोणी टाकलेच नाही, हे उत्तर आमच्या पायांशी वाहत होते.